मशीनवर मी नसणार

वाट अडवून उभी राहणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. त्यात त्या दिवशी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. हातात वायरींचा गुंता, काखेत फाइल, बाहेर सकाळपासून कळकट धुकं... आणि लिफ्टच्या दारात हा उंच माणूस, अगदी मधोमध.

"जरा सरकता का?"

ढिम्म.

"अहो, लिफ्ट सगळ्यांची आहे!"

तरी ढिम्म. मग मी फाइलच्या कोपऱ्याने त्याच्या डाव्या दंडाला ढोसलं. तो दचकून वळला, त्याचा तोल गेला, भिंतीचा आधार घेऊन त्याने स्वतःला सावरलं. आणि रागवायचं सोडून हसला. मला अजूनच राग आला.

"काही म्हणालात?"

"छे, भिंतीशी बोलत होते."

"मग भिंतीनेच सरकायला हवं होतं," तो म्हणाला. "मला या बाजूने ऐकू येत नाही हो. कानाच्या मागे गाठ आहे."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याहून वाईट म्हणजे तो तळमजल्यावर माझीच खोली शोधत होता.

माझं काम सांगायला सोपं आहे. मेंदूच्या ऑपरेशनमध्ये मी मशीनवर बसते. कवटीच्या तळाशी, ऐकण्याच्या नसेवर अशी गाठ वाढली, की शेजारची चेहरा हलवणारी नस तिच्यावर ताणली जाते, दोऱ्यासारखी पातळ होते. पेशंट झोपला की त्याच्या ओठाशी, गालात, पापणीजवळ मी बारीक सुया बसवते. आत ऑपरेशन करणाऱ्या सरांचं हत्यार त्या नसेला लागलं की मशीन करकरतं, आणि मी म्हणते, "थांबा." मी उशिरा म्हटलं तर माणसाचा अर्धा चेहरा जातो. उगाच लवकर म्हटलं तर गाठ आत राहते, पुन्हा वाढते, आणि पुन्हा कवटी उघडावी लागते. दुसऱ्या वेळी सगळंच जास्त अवघड असतं.

ऑपरेशनच्या आधी चेहरा किती चालतो ते मी तपासून ठेवते.

"भुवया वर करा. डोळे घट्ट मिटा. आता गाल फुगवा."

त्याने असे गाल फुगवले की मी पेन खाली ठेवलं.

"एवढे नाही हो!"

"सवय आहे. गाल फुगवूनच पोट भरतो मी." तो काचकाम करायचा. प्रयोगशाळेतले चंबू, नळ्या, वळणावळणाच्या नळकांड्या ज्योतीवर धरून, फुंकून. "ओठ घट्ट बंद राहिले तर काच ऐकते. जरा हवा निसटली, की चंबूचं वांगं होतं."

मी हसले. मग तोही हसला, आणि मी घाईघाईने नजर फाइलमध्ये घातली... त्याचे दोन्ही गाल सारखे वर जात होते. तपासणीत तेच लिहायचं असतं, ते मी लिहिलं.

त्याचा खोकला हटेना, म्हणून ऑपरेशनची तारीख पुढे गेली. खोकला दाखवायला तो वरच्या मजल्यावर यायचा आणि हमखास तळमजल्यावर उतरायचा. मला त्याला काचवाला म्हणायची सवय लागली. त्याने माझं नाव मशीनबाई ठेवलं. मी कँटीनमध्ये न ठरवता त्याच्या उजव्या हाताला बसायला लागले. कॉफी गार होईपर्यंत आम्ही भांडत असू.

"तुमच्या नाकावर माशी बसत नाही ना?"

"तुमच्या हातांना भाजल्याचे इतके डाग आहेत, तुम्ही माझं नाक कशाला बघता?"

"दुसरं काय बघू? डोळे तर तुम्ही वर करत नाही."

मी डोळे वर केले. कशाला केले, असं मला नंतर वाटलं. तो थट्टा करत नव्हता. त्याचा चेहरा एकदम उतरला होता.

"मशीनबाई, ऐकायला एक कान पुरतो," तो हळूच म्हणाला. "पण फुंकायला अर्धं तोंड नाही पुरत. मला दुसरं काही येत नाही."

"सर चांगले आहेत."

"सरांना मी ओळखत नाही. तुम्ही असाल ना तिथे... मशीनवर?"

"असेन."

"मग झालं." आणि त्याने खरोखरच निवांत होऊन कॉफीचा घोट घेतला. माझा कप मात्र तसाच राहिला.

पुढच्याच आठवड्यात तसंच एक ऑपरेशन होतं, एका बाईंचं. खोलीत नेहमीसारखा गारठा, सर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसलेले. मला करकर ऐकू आली.

"थांबा!"

सरांचा हात जागीच थांबला. "कुठे?"

मी पडद्याकडे पाहिलं. रेघ सरळ होती. काही झालं नव्हतं. माझ्या शेजारी आमचे दादा होते. या खात्यातले सगळ्यात जुने, मला हे काम त्यांनीच शिकवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "पाणी ओढणाऱ्या नळीचा आवाज आहे, सर. चालू द्या." थोड्या वेळाने मी पुन्हा तेच केलं. हिरव्या कापडाखाली त्या बाई होत्या, पण मला सारखा त्याचाच चेहरा दिसत होता.

बाहेर आल्यावर दादा एवढंच म्हणाले, "पोरी, दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, ते कळतं. तुझं तर अजून दूधही प्यायचं आहे."

रात्रभर मी कूस बदलत राहिले. सकाळी सरांच्या दारावर टकटक केली.

"काचवाल्यांच्या ऑपरेशनला दादांना बसवा, सर."

"का? ओळखीचे आहेत?"

"नुसते ओळखीचे असते तर मी बसले असते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "त्यांना माहीत आहे?"

"मलाच आत्ता कळलं, सर."

"मग आधी त्यांना सांगा," सर म्हणाले. "मी दादांशी बोलतो."

हे सांगणं जास्त कठीण होतं. तो दाखल झाला होता, उशाशी त्याची ताई मोसंबी सोलत बसली होती. मला बघताच ती "पाणी भरून आणते" म्हणत भरलेली बाटली घेऊन बाहेर गेली.

"उद्या मशीनवर मी नसणार," मी म्हटलं.

त्याने हातातली मोसंबीची फोड खाली ठेवली. "तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता."

"सगळ्या जगात मी एकाच माणसाच्या भरवशावर इथे आडवा झालोय, आणि तुम्ही..." त्याने तोंड फिरवलं. "सुट्टी आहे का उद्या?"

"सुट्टी कसली! बाहेर बसणार आहे, तुमच्या ताईंजवळ." माझा आवाज चढला. "मी आत बसले तर मला नसलेले आवाज ऐकू येतील. सरांनी हात लावायच्या आत मी थांबा म्हणेन. गाठ तशीच राहील, आणि पुन्हा तुम्ही याच खाटेवर... मला तुमच्यावर सुया लावता येणार नाहीत हो! हात थरथरेल माझा. कळत कसं नाही तुम्हाला?"

तो वळला.

"कळलं," तो म्हणाला. "पण पुन्हा एकदा सांग. जरा कमी आरडाओरडा करून."

अहो-जाहो तिथेच गळून पडलं. मी त्याच्या उजव्या कानाशी वाकले आणि सांगितलं. काय सांगितलं ते तुम्हाला कशाला?

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा दाराच्या बाहेरच्या बाजूला बसले. आत काय चालतं ते सगळं मला माहीत होतं, म्हणून जास्त त्रास झाला. आता सुया लागल्या असतील, आता कवटी उघडली असेल, आता दादा कान टवकारून बसले असतील. ताईचा जीव टांगणीला लागला होता. ती मला सारखी विचारत होती, "एवढा वेळ लागतो का गं?" आणि मी प्रत्येक वेळी "लागतो" म्हणत होते. खिडकीबाहेर धुकं होतं तसंच होतं.

संध्याकाळी सर आले. गाठ निघाली होती, नसेवर चिकटलेला पातळ पापुद्रा तेवढा ठेवला होता. डाव्या कानाचं उरलंसुरलं ऐकणंही गेलं, ते जाणारच होतं.

"आणि चेहरा?"

"नस तुटलेली नाही. पण हलत नाही आत्ता." सर थकले होते. "काही महिन्यांत जागी होईल. पूर्ण होईलच, असं मी म्हणणार नाही."

त्याला शुद्ध आली, वॉर्डात आणलं, तरी तो भिंतीकडेच तोंड करून राहिला. डावा गाल ओघळलेला, ओठाच्या कोपऱ्यातून पाणी सांडायचं. ताईलाही तो बघू देईना.

"दादा चुकले का?" त्याने भिंतीला विचारलं.

"नाही. मी सगळं रेकॉर्डिंग बघितलं. त्यांनी वेळच्या वेळी थांबवलं होतं."

"तू असतीस तर?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. खोटं बोलता आलं असतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "कदाचित चेहरा राहिला असता आणि गाठही राहिली असती. कदाचित दोन्ही गेलं असतं. मला कधीच कळणार नाही, आणि हे मला जन्मभर खात राहील. तुला राग आला असेल तर ये म्हणू नकोस. पण मी बरोबर केलं, एवढं मात्र सांगणार."

तो ये म्हणाला नाही. मात्र मला जा असंही म्हणाला नाही.

तेवढ्यात नर्स आली. त्याचा डावा डोळा मिटत नव्हता, उघडा राहिला तर कोरडा पडून बुबुळाला जखम होते. म्हणून झोपताना थेंब, मलम आणि वर चिकटपट्टी. घरी गेल्यावरही हे कोणीतरी करायला हवं, म्हणून ती ताईला शिकवू लागली. ताईने पापणीला बोट लावलं मात्र, तिला रडूच फुटलं. मी तिच्या हातातून पट्टी घेतली.

थेंब घातले, मलम लावलं. बोटाने त्याची पापणी हळूच खाली ओढली आणि पट्टी बसवली. माझा हात जरासुद्धा थरथरला नाही. आपल्या माणसाला हात लावताना तो थरथरेल असं मीच त्याला सांगितलं होतं, आणि तसं झालं नाही याचं मलाच नवल वाटलं.

"हे किती दिवस?" त्याचे शब्द ओठातून सांडत होते.

"आपणहून मिटेपर्यंत."

"आणि नाहीच मिटला तर?"

"तर रोज."

"रोज येशील?"

"रोज यायचं म्हणजे रोज परत जायचं," मी म्हटलं. "ते मला नाही जमणार."

त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. डाव्यावर पट्टी होती. त्या बाजूचं मी रडून घेतलं.