न येणाऱ्या गाडीची वेळ

"गाडी यायला अजून किती वेळ?" त्याने व्हॅनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून मी म्हटलं, "ती गेली. सात वर्षं झाली."

बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने गवतात बुडालेल्या रुळांकडे पाहिलं, समोरच्या बंद फाटकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग हे फाटक...?"

"बाबांनी लावलंय."

आता सगळं सांगणं भाग होतं. बाबा या फाटकाचे गेटमन. लाइन बंद झाली, बाबा निवृत्त झाले आणि त्यांच्या केबिनमध्ये मी शिलाई मशीन मांडलं. पण दुपारच्या पॅसेंजरची वेळ झाली की बाबांचे हात शिवशिवायचे. उठायचे, चाक फिरवून फाटक लावायचे, हिरवी झेंडी धरून ताठ उभे राहायचे आणि त्यांच्या हिशेबाने गाडी गेली की फाटक उघडायचे. रस्त्यावरची माणसं इतकी भली, की एकानेही त्यांना कधी वेड्यात काढलं नाही. सगळे थांबायचे, तेवढ्यात एकमेकांची दुखणीखुपणी विचारून घ्यायचे.

हा बेकरीवाला मात्र नवा. मला वाटलं, आता हॉर्न बडवणार. पण त्याने बाबांच्या पाठीकडे पाहिलं आणि... गुपचूप इंजिन बंद केलं. तिथेच माझा घात झाला.

दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर. मग रोजच. ताज्या पावाचा वास आला की माझी टीप वाकडी जायची. एकदा मी म्हटलं, रोज अडकता, जरा लवकर निघत जा की. तर म्हणाला, लवकरच आलो होतो, फाटक लागेपर्यंत कोपऱ्यावर थांबलो. बोलून गेला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. किराणावाल्या काकूंनी तर मला कोपराने ढोसलंच. तो पाव टाकतो ती सगळी दुकानं गावच्या पुलापलीकडे आहेत म्हणे, मग हा इकडे कशाला तडमडतो, आलं का लक्षात? आलं होतं. पण मी आपली खाली पडलेली बॉबिन शोधत बसले.

मनातलं बोलायला मात्र दोघांचीही जीभ रेटेना. धीर गोळा होईपर्यंत फाटक उघडायचं आणि मागच्यांसाठी त्याला निघावं लागायचं. उद्या बोलू, उद्या बोलू...

आणि एक दिवस रस्ता रुंद करणारे आले. रूळ उखडायचे, फाटक कापून न्यायचं असं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी बाबा चाकाला तेल घालत बसले. मी म्हटलं, उद्या नेणारच आहेत ना ते?

"म्हणून काय गंजलेलं द्यायचं?" बाबा म्हणाले.

मला रडू आवरेना. बाबांसाठी तर होतंच, पण खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीही होतं. फाटकच नाही, तर तो थांबणार कशाला?

डांबर पडून सुकेपर्यंत सगळी वाहतूक पुलावरून गेली. तोही दिसला नाही. मग रस्ता खुला झाला. पॅसेंजरची वेळ झाली, तरी बाबा हात मांडीवर ठेवून खुर्चीतच बसून राहिले. बाहेर गाड्या सुसाट चालल्या होत्या. तेवढ्यात पावाचा वास आला. मी मान वर केली नाही. जाईल तो, मी मनाला बजावलं.

इंजिन बंद झालं.

भर रस्त्यात, फाटकाची दांडी जिथे यायची बरोबर तिथे व्हॅन उभी होती. मागे हॉर्नचा कल्ला. मी हातातल्या कात्रीसकट धावले.

"वेड लागलंय का? फाटक नाही आता."

"माहीत आहे." तो म्हणाला. "मी फाटकासाठी थांबतच नव्हतो... तुझ्यासाठी थांबत होतो. यापुढेही थांबेन. फक्त तू एकदा सांग — थांबू, की जाऊ?"

तो पहिल्यांदाच मला तू म्हणाला होता. मी बोलायला तोंड उघडलं, पण मागचे हॉर्न काही ऐकू देईनात.

अचानक सगळे हॉर्न थांबले. वळून पाहिलं, तर व्हॅनच्या मागे बाबा लाल झेंडी धरून ताठ उभे होते. कुणीतरी विचारलं, काका, आता कसली गाडी?

"पॅसेंजर," बाबा म्हणाले. "जरा लेट आहे. पोरीला बोलू द्या."

आणि लोक थांबले. इतकी वर्षं बाबांसाठी थांबलेली ती माणसं त्या दिवशी माझ्यासाठीही थांबली. त्यांचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडू?

"थांब," मी त्याला म्हटलं.

बाबांनी लाल झेंडी काखेत मारली आणि हिरवी उलगडली.