आतली मूठ

मी भिवाजी, कडावचा. मुंबईच्या एका गोदीत लढाऊ जहाजांचे नकाशे काढण्यात माझी नोकरी सरली. सांगतो ते गेल्या माघातलं, भर दुपारचं.

नात रियाला शाळेच्या प्रदर्शनासाठी जहाजांची माहिती हवी होती. तिनं प्रश्न लिहिलेला कागद घेऊन मी डोंगराच्या पायथ्याच्या कोंडाणे गावी मनोजकडे गेलो. गोदीत आमची टेबलं शेजारी-शेजारी होती; मी नकाशे काढायचो, तो बसवणीच्या कामावर देखरेख करायचा. जुन्या आरमाराबद्दल त्याच्याइतकं वाचलेला माणूस मी पाहिला नाही. आणि तेवढा एकच मित्र मला उरला होता.

तीस वर्षांपूर्वी आमच्याच गावचा फिटर रोहिदास जहाजाच्या चाचणीत पाणी शिरलेल्या खोलीत अडकून मेला. दाराला आतून मूठच नव्हती. चौकशीत माझा नकाशा काढला, त्यातही नव्हती. त्याची आई भागूबाई मरेपर्यंत म्हणायची, "माझा पोरगा तू बुडवलास रं." मीही तेच मानत आलो. मनोज समजूत घालायचा, "होते चूक माणसाकडून."

ओटीवर बसून मी कागद वाचू लागलो.

"गलबतांना शिडं असताना वल्ही कशाला?"

"वारा पडला तरी शत्रूवर चालून जायला," मनोज खुशीत म्हणाला.

"आताच्या जहाजांत एवढ्या बंद खोल्या का?"

"एकीत पाणी शिरलं तर ते तिथंच कोंडायचं. बाकी जहाज वाचतं."

"आतली मूठ कुणी काढली?"

वाचून झाल्यावर मला कळलं, मी काय वाचलं ते. ती ओळ रियाच्या अक्षरात नव्हती. शाई ओली होती, बोटाला लागली.

मनोज पांढरा पडला. "कुणी सांगितलं तुला?"

मग तोच खाली बघत बोलत गेला. "मुठी कमी आल्या होत्या... तारीख गाठायची होती. म्हटलं, बाहेरची बसवा, आतली मागनं बघू. मग ते झालं... तुझ्या नकाशात होती रे मूठ. मी पान बदललं."

"भागूबाईच्या मयताला गावानं मला खांदा देऊ दिला नाही," मी म्हणालो. "तू माझ्या शेजारीच उभा होतास, मनोज."

"खरं पान जपून ठेवलंय... आणतो."

तो आतल्या खोलीत गेला. दार त्याच्यामागे आपोआप लागलं.

मग वास आला. डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा. आमच्या डोंगराच्या पायथ्याशी कुठला समुद्र? आतून दारावर मुठी आपटू लागल्या.

"भिवा... उघड... पाणी चढतंय..."

मी दाराला हात लावला. आणि तसाच उभा राहिलो. किती वेळ, ते विचारू नका. भागूबाईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

तेवढ्यात आत, अगदी दाराशी, दुसरं कुणीतरी शांतपणे म्हणालं, "भिवादादा... घाई नाय."

मी अंगातलं सगळं बळ लावून दार ढकललं.

खोली कोरडी होती. मनोज कोपऱ्यात, कपडे कोरडे, मासळीसारखा श्वास घेत. त्या दिवसापासून तो बोललेला नाही. त्याच्या हातातलं पान आता माझ्याकडे आहे, त्यात आतली मूठ माझ्याच हातानं रेखाटलेली. पण दाखवू कुणाला?

मी वर पाहिलं. छताला, शिडीशिवाय पोचता येणार नाही तिथं, ओल्या तळव्यांचे ठसे होते. दोन माणसांचे.

एकाचे संध्याकाळपर्यंत सुकले. दुसऱ्याचे अजून ओले आहेत.