झिजलेली माउली

दोन नोव्हेंबरची, मेलेल्यांच्या दिवसाची रात्र होती. फ्रान्सच्या दिएप बंदरावर धुकं बसलेलं. फिर्मँ आजोबांनी नातवंडांना शेगडीपाशी ओढून घेतलं आणि शेजारच्या एव्हरिस्तच्या घरी मागे याच रात्री घडलेलं सांगायला लागले.

एव्हरिस्त हस्तिदंताचा कारागीर. नवा हस्तिदंत कापायला कायद्याची बंदी, म्हणून हात रिकामे. अशात चर्चच्या किल्ल्या सांभाळणारी ओनोरीन म्हातारी एक चिरलेली हस्तिदंती पाटी घेऊन आली. तळहाताएवढी, सातशे वर्षांची. तिच्यावर कोरलेली मरियामाता, कडेवर बाळ. प्रार्थनेच्या वेळी पाटी हातोहात फिरायची आणि प्रत्येकजण माउलीच्या तोंडाचा मुका घ्यायचा. मुक्यांनी चेहरा पार गुळगुळीत झालेला.

"चीर तेवढी बुजव," ओनोरीन म्हणाली. "तोंडाला हात लावलास तर याद राख."

"तोंड आहे कुठे हात लावायला?"

"आमच्या आज्या-पणज्यांच्या ओठांनी झिजलंय ते. ती झीजच आमची. तुझी अक्कल पाजळू नकोस."

"बरं बाई. किल्ल्यांबरोबर जीभही सांभाळ."

म्हातारी गेली. पण भुकेल्यापुढे ताट ठेवून नुसतं बघ म्हटलं, तर तो बघत बसेल होय? अंधार पडेतो एव्हरिस्तनं माउलीला नवा चेहरा कोरला. आपल्या एकुलत्या लेकीचा, क्लोतिल्दचा. ती माडीवर झोपायला गेली तेव्हा तो शेवटची भुवई काढत होता.

मध्यरात्री दिवा विझला.

आधी पावलं आली. लाकडी बुटांची. पुष्कळ. दार उघडलंच नाही, तरी ती आत आली.

मग पाटीवर ओलसर आवाज. मुक्याचा. मग दुसरा. तिसरा. रांगच लागलेली... दिसत कुणी नव्हतं. ओल्या मातीचा वास तेवढा.

त्यानं बोट फिरवून पाहिलं. नवं नाक बोथट होत होतं.

माडीवरून क्लोतिल्द म्हणाली, "बाबा... माझ्या तोंडावर कोण..."

पुढे शब्द नाही. नुसतं कण्हणं.

त्यानं पटाशी उचलली. खरवडून टाकावा हा चेहरा. पण तेच पातं वर तिच्या तोंडावरून फिरलं तर?

पटाशी खाली पडली.

तो वाकला. डावा गाल पाटीवर दाबून चेहरा झाकला.

मुके थांबले.

माडीवरचं कण्हणंही थांबलं.

मग... त्याच्या उजव्या, उघड्या गालावर पहिला मुका पडला. गार. पाठोपाठ दुसरा.

तो हलला नाही. उजाडेपर्यंत.

सकाळी क्लोतिल्द खाली आली. नाक, डोळे, सगळं जागच्या जागी. "रात्रभर कुणीतरी तोंड पुसत होतं," एवढंच म्हणाली.

आजोबांनी निखारे सारखे केले. धाकट्या नातीनं हळूच विचारलं, "आणि एव्हरिस्तकाकांना काय झालं?"

"त्याला काय... रोज तर बघतेस त्याला." आजोबांनी शेगडीचं झाकण लावलं. "न्हावी त्याची अर्धीच दाढी करतो. उजव्या गालावर वस्तऱ्याला काही सापडतच नाही."