लाडूची पेटी

तो माझ्या शेजारी येऊन बसला तेव्हाच मी उठून जायला हवं होतं. रत्नागिरी–चिपळूण गाडीत मागे तीन सीट रिकाम्या होत्या. तरी यानं माझीच सीट निवडली, आणि बसल्या बसल्या माझ्या मांडीवरच्या पेटीकडे बघून म्हणाला,

"दिवाळीचा फराळ वाटतं?"

"लाडू आहे," मी खिडकीबाहेर बघत म्हटलं.

"एकच?"

"एकच."

"एवढ्या मोठ्या पेटीत एक लाडू!" तो हसला. हसताना त्याचे डोळे पार बारीक झाले. ते माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून मी आणखी चिडले. "बेसनाचा की रव्याचा?"

मला खोटं बोलता येत नाही. आतापर्यंतची माझी बहुतेक भांडणं याच एका कारणानं झालीत.

"आफ्रिकेचा," मी हळूच म्हटलं. "बॉल पायथन. अजगराची छोटी जात, बिनविषारी. घाबरला की गोळा होऊन बसतो म्हणून लाडू. आणि प्लीज, हळू बोला—"

"अजगर!"

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. पुढची पाच मिनिटं आठवली की माझे कान अजून गरम होतात. पुढच्या सीटवरची बाई लेकराला कडेवर घेऊन थेट सीटवर उभी राहिली. मागून कुणीतरी "मारा, मारा" म्हणायला लागलं. कंडक्टरबाई कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर येऊन उभ्या.

"पेटीला चारी बाजूंनी क्लिपा आहेत," मी सांगू लागले. "आत उशीच्या अभ्र्यात गाठ मारून ठेवलाय. हवेला भोकं आहेत. आणि पोट बिघडू नये म्हणून प्रवासाआधी चार दिवस खायला दिलेलं नाही—"

"म्हंजे उपाशी हाय?" सीटवरची बाई किंचाळली.

"कागद आहेत माझ्याकडे! आपल्याकडचे साप पाळायला बंदी आहे, हा परदेशी आहे. नोंदणी केलीये, माझ्या नावावर..."

"कागद ठेव पिशवीत," कंडक्टरबाई म्हणाल्या. "उतर गो बाय."

मला हातखंबा तिठ्यावर उतरवलं. आणि माझ्यामागून, स्वतःची बॅग सावरत, तोही उतरला.

"तुम्हाला कुणी उतरवलं?" मी विचारलं.

"कुणी नाही. पण माझ्यामुळे तुम्ही..." तो माझ्यापासून चांगला दहा फुटांवर उभा होता. "मी समर्थ."

"समर्थ!" मला हसू आलं, पण मी ते दाबलं. "मी सावनी. नाव समर्थ, आणि उशीच्या अभ्र्याला घाबरता?"

"अभ्र्याला नाही हो..."

तेवढ्यात परतीचा पाऊस आला. टपोरे थेंब, विजा, आणि चौपदरीकरणाच्या मातीचा नुसता राडा. मी पेटीवर वाकले. लाडू भिजला, गारठला तर त्याला सर्दी धरते, आणि सापाची सर्दी बरी व्हायला महिना लागतो. डोक्यावरचा पाऊस अचानक थांबला म्हणून वर पाहिलं, तर समर्थनं छत्री उघडली होती. तो स्वतः छत्री जेमतेम पोचेल एवढाच पुढे आला होता. हात मात्र ताणून, चवड्यांवर उभं राहून, छत्री बरोबर पेटीवर धरली होती त्यानं. त्यामुळे तो पूर्ण भिजत होता आणि मी अर्धी.

"जवळ आलात तर तिघंही कोरडे राहू," मी म्हटलं.

"असू दे... बरं आहे इथेच."

त्याच्या बाबांचं रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप होतं, आणि तो चिपळूणला कुणाच्या तरी बाल्कनीची मापं घ्यायला निघाला होता. त्यानं फोन करून चुलतभावाला, अनिलदादाला, टेम्पो घेऊन बोलावलं. या वेळी मी आधीच सांगून टाकलं, "दादा, पेटीत साप आहे. चालेल का?"

"बांधलेला हाय ना? मग बस," अनिलदादा म्हणाला. "बोलत तर नाय ना तो? मग आमच्या सासूबायपेक्षा बरा."

टेम्पोत मी समर्थला संगमेश्वर येईपर्यंत बोलत होते. एवढं ओरडायची काय गरज होती? शिकलेली माणसं तुम्ही! मुकं जनावर, कुणाला काही केलं नाही, आणि "मारा, मारा"? तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "ओरडलो ते चुकलंच. पण सावनी... त्या बाईचं लेकरू तुमच्या पेटीपासून दोन हातांवर होतं. तिला कुणी विचारलं होतं का?"

अनिलदादाला विचारलं तसं कंडक्टरबाईंना गाडीत चढण्याआधी विचारायला हवं होतं, आणि त्या नाही म्हणतील हे माहीत होतं म्हणूनच मी विचारलं नव्हतं. चिपळूणजवळ अलोऱ्याला, पॉवरहाउसच्या कॉलनीत, आमच्या क्वार्टरसमोर उतरले तेव्हा मी टेम्पोचं दार जरा जोरातच लावलं. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा जो राग येतो ना, तो सगळ्यात वाईट.

लाडू खरं तर माझ्या मावसबहिणीचा, मनस्वीचा. ती जर्मनीला गेली आणि कागदांसकट तो माझ्याकडे आला. रत्नागिरीत एम.एस्सी.साठी मी यमुनाबाईंकडे खोली घेतली होती. त्यांना विचारूनच लाडूला आणलं होतं. पण दिवाळीत फटाक्यांच्या हादऱ्यानं तो बिथरेल म्हणून मी त्याला घरी घेऊन गेले, आणि इकडे खोली झाडताना यमुनाबाईंनी त्याची काचेची टाकी नीट पाहिली. गाडीत पुन्हा तोच प्रकार नको म्हणून लाडूला आईकडे ठेवून, सुट्टी संपवून मी पेपरसाठी एकटीच परत आले, तर त्या दारातच उभ्या.

"अगो, झाकणावर दोन विटा? विटांच्या भरवशावर राखत होतीस त्याला?"

"आजवर कधी बाहेर नाही आला, काकू."

"मी साप ठेवायला हो म्हटलं होतं, साप हरवायला नाही. कुलपाची पेटी आण. एक किल्ली माझ्याकडे. पंधरा दिवसांत नाही झालं, तर दुसरी खोली बघ."

रत्नागिरीत सापासकट खोली कोण देणार होतं मला? मी थेट मिरजोळ्याला गेले. मला दारात पाहून समर्थच्या हातातली पट्टी खाली पडली.

"आणलाय?" त्यानं माझ्या हातांकडे बघत विचारलं.

"अलोऱ्याला आहे. आईकडे. पेटी हवीये. चार फूट लांब, दोन फूट रुंद, सरकती काच, कुलूप."

त्यानं सगळं वहीत लिहून घेतलं. एक बाजू उबदार लागते, दुसरी थंड, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं. लपायला दोन जागा. पाण्याचं जड भांडं, कलंडणार नाही असं. लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "त्याला कळतं का... तुम्ही कोण ते?"

"वासानं ओळखत असेल. प्रेमबिम नाही करत तो."

"मग तुम्ही का एवढं करता?"

असं मला कधीच कुणी विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे, किळस नाही येत? "कारण तो आपणहून आलेला नाहीये," मी म्हटलं. "त्याला आपण आणलंय. मग नीट ठेवायला नको?"

समर्थनं मान हलवली, आणि ते वाक्यसुद्धा वहीत लिहिलं.

पहिली पेटी बघायला गेले तर दोन काचा एकमेकींवर सरकत होत्या तिथे बोटभर फट. "इथून तो पाच मिनिटांत बाहेर!" मी ओरडले. दुसऱ्या खेपेला फट गेली, पण हवेसाठी लावलेली जाळी खरखरीत. "नाक घासून घासून सोलवटेल त्याचं." तिसऱ्या खेपेला सगळं छान होतं, फक्त कुलूप बसेना. दर खेपेला चहा व्हायचा, आणि मी तावातावानं बोलायचे. तो ऐकायचा, डोळे बारीक करून. घरी जाताना मला वाटायचं, किती बावळट कारागीर आहे हा! आणि मग स्टॉपवर रिक्षा येऊन निघून गेली तरी मी तिथेच.

तेराव्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. घरी लाडूला ठेवलेल्या प्लास्टिकच्या मोठ्या डब्याची एक क्लिप लागली नव्हती. लाडू बाहेर पडला. बाबा पॉवरहाउसवर ड्युटीला. आई दोन तास पलंगावर उभी होती, शेवटी बाबा घरी आले तेव्हा तो गॅस सिलिंडरमागे सापडला. "सावे, मला नाही गो जमत हे," ती म्हणाली, आणि रडली.

मी तडक वर्कशॉपवर गेले. सगळं सांगितलं. समर्थनं हातातली पट्टी खाली ठेवली.

"कुलूप बसतं," तो म्हणाला.

"काय?"

"पेटी पाच दिवसांपूर्वीच झाली होती. मी... खिट्टी मुद्दाम वाकडी लावली. तुम्ही परत यावं म्हणून."

वर्कशॉपमधलं कटिंगचं मशीन बंद झालं. की मलाच ऐकू येईनासं झालं, कोण जाणे.

"पाच दिवस?" मी म्हटलं. "माझी आई तिकडे जीव मुठीत धरून स्वयंपाकाच्या चिमट्यानं पाण्याचं भांडं बदलतेय, आणि तू... तू खिट्ट्या वाकड्या करत बसलायस? चेंगरला असता तो! आई पडली असती! लाज नाही वाटली तुला?"

रागात मी 'तू'वर कधी आले, कळलंच नाही.

"वाटते," तो म्हणाला. "चल. आत्ता. आणूया त्याला."

टेम्पो अनिलदादाच चालवत होता, मागे नवी पेटी. अलोऱ्याला पोचल्यावर समर्थ चपला काढून सरळ आईसमोर गेला. "काकू, पेटी तयार होती. मी दिली नाही. आज जे झालं ते माझ्यामुळे." आईनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन दोन बशा चिवडा घेऊन आली. तिला काय कळलं, ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

निघताना मी लाडूची क्लिपांची जुनी पेटी उचलायला गेले, तर तो म्हणाला, "माझ्याकडे दे."

अलोऱ्यापासून रत्नागिरीपर्यंत पेटी त्याच्या मांडीवर होती. प्रत्येक खड्ड्याला तो श्वास रोखायचा. पण पेटी हलली नाही. बावनदीच्या पुलावर अभ्र्यात जरा हालचाल झाली, तेव्हा त्यानं डोळे घट्ट मिटले आणि पुटपुटला, "आलंच हं घर... आलंच." लाडूला म्हणत होता. मी तोंड खिडकीकडे फिरवलं. नाहीतर डोळे उघडल्यावर त्याला माझा विरघळलेला चेहरा दिसला असता.

यमुनाबाईंनी नवीन पेटीचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं, किल्ली कनवटीला लावली आणि म्हणाल्या, "हं. आता शोभतं."

पायऱ्या उतरताना तो थांबला. "रागावलीयस?"

"खूप."

"किती दिवस?"

"पाच तरी."

"मग सहाव्या दिवशी... मांडवीला येशील? जेटीवर. काही काम नाही. नुसतंच."

"हे आधी विचारता येत नव्हतं?"

"भीती वाटली."

"लाडूला मांडीवर घेतलंस की!"

"तो नाही म्हणू शकत नाही," समर्थ म्हणाला. "तू म्हणू शकतेस."

मी दार लावून घेतलं. पाच दिवस म्हणजे पाच दिवस, मी स्वतःला बजावलं. फोन नाही, मेसेज नाही. माणसाला अद्दल घडायला हवी.

तिसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी मिरजोळ्याची रिक्षा पकडली. समर्थ मोठी काच पुसत होता. काचेत मी दिसले तसा तो वळला, घाबरून.

"काय बिघडलं? कुलूप? जाळी?"

"काही बिघडलेलं नाहीये," मी चिडून म्हटलं. "काहीच नाही. तशीच आलेय."