उलटा पंखा

"हात काढा! त्या झाकणाला शिवू नका!"

गॅरेजच्या दारात एक जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार वाफ ओकत उभी होती. बॉनेट उघडून गाडीवाला तरुण रेडिएटरचं झाकण फिरवणार, एवढ्यात गॅरेज चालवणारी ती आतून पाना हातात घेऊनच धावली. त्याने हात मागे घेतला... आणि तिच्याकडे बघतच राहिला.

"उकळतं पाणी अंगावर आलं असतं. हातांची काही काळजी?"

"आहे तर! हातांवरच पोट आहे माझं. दातांचा डॉक्टर आहे मी."

"मग लोकांच्या तोंडात हात जसे जपून घालता, तसेच इथेही घालत जा," ती म्हणाली. कोपऱ्यात पेपर वाचणारे तिचे बाबा खुदकन हसले.

गाडी त्याच्या मामांची. मामा गेले, ते गाडी भाच्याला देऊन गेले. त्याला घाटावरच्या गावात दवाखाना थाटायचा होता, आणि गाडी घाट चढण्याइतकी सुधारली की तो निघणार होता. तिने रेडिएटर उतरवून धुतला, पाण्याचे पाइप बदलले, मामांचा मोडका पंखा काढून नवा, विजेवर चालणारा बसवला. वायरी जोडताना तो शेजारी वाकून बघत होता.

"उस्ताद, काम करताना तुम्ही ओठ चावता."

"मग?"

"काही नाही... छान दिसतं."

ती लाजणाऱ्यातली नव्हतीच. कान तेवढे लाल झाले. निघताना तिने एक युक्ती मात्र सांगितली. वाटेत तापमानाचा काटा चढायला लागला, तर आतला हीटर पूर्ण चालू करायचा. इंजिनची उष्णता तो ओढून घेतो.

पुढच्या शनिवारी स्वारी पुन्हा हजर. गाडी तापते. त्याच्या पुढच्याही शनिवारी तेच. भर दुपारी तो असा घामाने निथळत यायचा, की ती आधी त्याला पाणी द्यायची, मग गाडीला. पाण्याचा पंप तपासून झाला, थर्मोस्टॅट बदलून झाला. शनिवार कधी येतो याची ती वाट बघायला लागली होती, हेही खरं.

चौथ्या शनिवारी तो चहा आणायला गेला. इंजिन चालू होतं. पुढची जाळी पुसता पुसता तिच्या हातातलं फडकं फडफडलं आणि उडून तिच्याच तोंडावर आलं. पंखा हवा आत ओढायची सोडून बाहेर फेकत होता! वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या. कुणाच्या हातून? तिच्याच. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

दुरुस्तीला चार मिनिटं पुरणार होती, आणि मग तो जाणार होता. तिला ते अगदी जिवावर आलं. पण आपल्या मनासाठी त्याच्या मामांचं इंजिन जाळायचं? तिने वायरी बदलल्या, फडकं पुन्हा जाळीसमोर धरलं. ते घट्ट चिकटून बसलं.

"पंखा उलटा फिरत होता," तो आल्यावर तिने मान खाली घालून सांगितलं. "चूक माझी. आता तुम्ही... उद्यासुद्धा निघू शकता."

त्याने चहाचे कप खाली ठेवले. "मला माहीत होतं."

"काय?"

"दुसऱ्याच शनिवारी कळलं. जाळीसमोर रुमाल धरला, तो उडाला."

"आणि बोलला नाहीत? इंजिन बसलं असतं म्हणजे?"

"कसं बसेल? तुम्हीच तर युक्ती सांगितली होती. घरापासून इथवर हीटर पूर्ण चालू ठेवून यायचो."

भर उन्हात! तो घाम, ते घटाघटा पाणी पिणं... तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"वेडे आहात तुम्ही."

"सांगितलं असतं, तर तुम्ही चार मिनिटांत दुरुस्त केलं असतं आणि माझे शनिवार गेले असते." त्याचा आवाज हळू झाला. "मला तुम्ही आवडता, उस्ताद. घाट उतरायला तासभर लागतो. दर शनिवारी आलो तर... चालेल?"

पेपरामागून बाबा म्हणाले, "फेरी मारून बघितल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा आपला नियम आहे. जा, घाटापर्यंत जाऊन ये."

ती हात पुसून त्याच्या शेजारी बसली. त्याने किल्ली फिरवली, आणि सवयीने त्याचा हात हीटरच्या बटणाकडे गेला. तिने तो मधेच धरला.

"आता त्याची गरज नाही," ती म्हणाली. "शनिवारी या... मी वाट बघेन."

हात मात्र तिने सोडला नाही.