पाहुण्यांची खुर्ची

जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेल्या मोजणीदारांना सोबतीच्या संस्थेने पहिल्याच दिवशी एक छापील कागद दिला. एकट्या वृद्धांकडे आठवड्यातून एक तास बसायचं, त्याचे नियम. औषधं देऊ नयेत. भेटवस्तू घेऊ नयेत. आणि तिसरा, ठळक अक्षरांत: वाद घालू नये, समोरचं माणूस जे म्हणेल त्याला हो म्हणावं.

"हे जमेल ना?" संस्थेच्या बाईंनी विचारलं.

"चौतीस वर्षं संसार केलाय," मोजणीदार म्हणाले.

बाई हसल्या. मोजणीदारांना बरं वाटलं. बायको गेल्यापासून दोन वर्षांत त्यांच्या बोलण्यावर कोणी हसलं नव्हतं. खरं म्हणजे बोलणंच नव्हतं. मुलगी परगावी. रविवारी दुपारी तिचा फोन येई. जेवलात? गोळ्या घेतल्या? ठेवते. दीड मिनिट. मोजणीदारांनी एकदा घड्याळ लावून बघितलं होतं. सवय, दुसरं काय. आपण सोबत द्यायला चाललोय की मागायला, या प्रश्नाला अर्जात रकाना नसल्यामुळे त्यांनी तो सोडून दिला.

त्यांच्या वाट्याला टेलिफोन खात्यातल्या जुन्या ऑपरेटरबाई आल्या. वय चौऱ्याऐंशी, तिसरा मजला, गुरुवारी चार ते पाच. खोलीत एक पलंग, एक टेबल, तीन खुर्च्या. पहिल्याच गुरुवारी बाईंनी तीन कप चहा केला आणि तिसरा खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

"यजमान का?" मोजणीदारांनी हळूच विचारलं.

"छे हो! ते गेले, मी स्वतः बघितलंय. हे पाहुणे."

नियम तिसरा. "नमस्कार," मोजणीदार खुर्चीला म्हणाले.

हळूहळू अंगवळणी पडलं. बाई बोलत, मोजणीदार बोलत आणि मधूनच दोघंही खुर्चीकडे बघून थांबत, तिसऱ्यालाही काही म्हणायचं असेल तर म्हणता यावं म्हणून. एकदा कप आत नेताना तिसरा त्यांच्या हाताला हलका लागला. तळाशी जेमतेम दोन घोट. बाई तर जागच्या हलल्या नव्हत्या. चहा उडून जातो, मोजणीदारांनी स्वतःची समजूत घातली. तासाभरात एवढा उडत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

मग खुर्ची. पहिल्या गुरुवारी तिचं तोंड बाईंकडे होतं. उभा जन्म कोन मोजण्यात गेलेल्या माणसाला फरशीच्या सांध्यांवरून एवढं कळतंच. दुसऱ्या गुरुवारी ती किंचित वळलेली होती. तिसऱ्या गुरुवारी आणखी जराशी. केर काढताना सरकली असेल. सहाव्या गुरुवारी ती सरळ मोजणीदारांसमोर होती.

"माझ्याकडे आता लक्ष नसतं त्यांचं," बाई म्हणाल्या. सूर तक्रारीचा नव्हता. "तुमचंच ऐकत बसतात."

मोजणीदारांना लाज वाटावी इतका आनंद झाला.

सातव्या गुरुवारी दाराशी दोन बॅगा बांधून ठेवलेल्या होत्या. रविवारी भाचा बाईंना कायमचा आपल्या घरी नेणार होता. म्हणजे गुरुवार संपले. पाच वाजता मोजणीदारांनी बाईंना नमस्कार केला आणि उंबऱ्याशी वळून, आपण सगळेच म्हणतो तसं, खुर्चीला म्हणाले, "या मग कधीतरी घरी."

बाईंनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

"म्हणालात बाई एकदाचे. मला घोरच लागला होता."

"कसला?"

"आधी ते खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे असायचे. मास्तरांचं शेवटचं दुखणं, मी भेटायला गेलेली. निघताना मीही असंच म्हटलं हो. सहज."

मोजणीदारांनी पुन्हा खुर्चीकडे बघितलं नाही.

घरी काहीच झालं नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला. आपण वाट बघतोय हे ध्यानात आल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला.

रविवारी दुपारी फोन वाजला. हातात ताट होतं, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"जेवलात?"

"हो."

"गोळ्या?"

"घेतल्या."

आता ठेवणार. मोजणीदार थांबले.

तिने ठेवला नाही.

"काय सांगता!" ती म्हणाली.

मोजणीदार काहीच बोलले नव्हते.

"मग? पुढे?"

"अगं, कोणाशी बोलतेयस?"

"थांबा ना बाबा. मध्ये बोलू नका, त्यांचं होऊ दे."

खोलीत आवाज नव्हता. पलीकडे मुलगी हं, हं करत होती. मधेच ती खळखळून हसली. आई असताना हसायची तशी.

मोजणीदारांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आपण बोललो तर ती फोन ठेवेल, म्हणून ते श्वाससुद्धा जपून घेऊ लागले.