उन्हाआधीचा पट

ल्हादेन म्हणजे घड्याळावर चालणारी बाई. पाहुण्यांना बुमथांगच्या डोंगराळ मुलखातल्या चार खोऱ्यांतून फिरवायचं, देवळं दाखवायची, मुखवट्यांचे नाच दाखवायचे आणि अंधार पडायच्या आत गरम जेवणापाशी आणून सोडायचं, हे काम ती सतरा वर्षं करत होती. एवढ्या वर्षांत तिचा एकही पाहुणा कुठं उशिरा पोचला नव्हता. गाडीवाला आप गेम्बो तिला तोंडावर 'घड्याळबाई' म्हणायचा आणि ती त्याला 'गोगलगाय'.

खारसा हे तिचं स्वतःचं गाव, आणि तिथल्या उत्सवाची तर तिच्याकडं वहीच होती. उत्सवाच्या शेवटच्या पहाटे देवळाच्या भिंतीवर तीन मजली उंच रेशमी पट उलगडतात. मधोमध गुरू रिनपोछे, भोवती देवदेवता, सगळं कापडाच्या तुकड्यांनी शिवलेलं. नुसतं पाहिलं तरी जन्माचं पाप धुतलं जातं. पण त्या पटावर ऊन पडता कामा नये. सूर्य पूर्वेच्या कड्यावरून भिंतीवर उतरायच्या आत तो गुंडाळायचा आणि वर्षभरासाठी पेटीत ठेवायचा. म्हणून ल्हादेन दर वर्षी लिहून ठेवायची, कळसावर ऊन कधी आलं, भिंतीवर कधी उतरलं. तिथीप्रमाणं यंदाचा हिशेबही तिनं काढला होता. कळसावर सहा बावन्न, पटाच्या वरच्या काठावर सहा अठ्ठावन्न.

यंदा हा हिशेब पाहुण्यांसाठी नव्हता, आईसाठी होता.

गावात उत्सवाची कामं घराघरांत वाटून दिलेली. पटाचे दोर ओढायचे वरच्या आळीनं, आणि भिक्खूंसाठी लोणी घातलेला चहा करायचा ल्हादेनच्या घरानं. आजीनंतर ते काम आईकडं आलं. आता चहाची चूल बरोब्बर त्याच भिंतीमागं, जिच्यावर पुढून पट उलगडतात. म्हणजे एकोणचाळीस वर्षं आईनं पाहिली ती भिंतीची पाठ. शिंगं फुंकलेली ऐकायची, पुढं माणसांचा हुंकार ऐकायची आणि इकडं चहा ढवळत राहायची. एकदा फाटलेला काठ शिवायला तिला बोलावलं होतं, तेव्हाही पट गुंडाळलेलाच, चार बोटं काठ तेवढा उघडा.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की छाती गेली आहे, पुढचा हिवाळा कठीण. घरी आल्यावर आईनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "तो पट एकदा समोरून बघायचाय बाई. बस."

पट उलगडायच्या आदल्या दिवशी ल्हादेन पाहुण्यांना मुक्कामाला सोडून घरी डोकावली.

"उद्या कितीला न्यायला येतेस?" आईनं विचारलं.

"सहा सतराला."

"सतराला म्हणजे सतरालाच? नाहीतर पाहुण्यांच्या नादात म्हातारी राहील घरच्या चुलीपाशी."

"आई, सांगितलं ना एकदा!"

"गेल्या वर्षीही सांगितलं होतंस."

गेल्या वर्षी एका पाहुण्याचा पाय मुरगळला होता. आईला न्यायचं राहूनच गेलं होतं. आईला पहाटेच्या गारठ्यात जास्त वेळ बसवायचं नव्हतं, म्हणून तिला शेवटच्या वीस मिनिटांपुरतं न्यायचं ठरलं होतं. ओढ्यावर पायपूल, तिथं गाडी जात नाही. आप गेम्बो म्हणाला होता, "मी आणतो पाठीवर, तू पाहुणे सांभाळ." पण ल्हादेननं ऐकलं नाही. माझी आई आहे, मीच आणणार.

पाहुणे दोघंच होते. ओटो आणि ग्रेटे, ऑस्ट्रियाचं निवृत्त जोडपं. ओटोनं जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळं प्रत्येक डोंगराची उंची त्याला हवी असायची. पहाटे पाचला ल्हादेननं त्यांना अंगणात पुढची जागा धरून दिली. धूप म्हणून जाळलेल्या जुनिपरच्या डहाळ्यांचा धूर कोंदला होता. शिंगांचा घोगरा आवाज उठला, दोर ताणले गेले आणि पट हळूहळू वर सरकत उलगडला. लहानपणापासून पाहिलेलं, तरी ल्हादेनच्या अंगावर काटा आला. ग्रेटे तर रडायलाच लागली.

सहा पाच झाले. आप गेम्बोला पाहुणे सोपवून ल्हादेन निघाली.

आई ठेवणीतला किरा नेसून, केस विंचरून ओट्यावर तयार बसली होती. ल्हादेननं तिला पाठीवर घेऊन शालीनं बांधलं. केवढीशी राहिली होती ती! तिच्यापेक्षा नाचणीचं पोतंसुद्धा जड लागलं असतं. दोघी पुलापर्यंत आल्या आणि आईनं आपला डावा खांदा चाचपला.

"अगं, माझा राचू?"

खांद्यावरचा तो विणलेला पट्टा घेतल्याशिवाय बाईमाणूस गुरूसमोर जात नाही.

"माझा घे."

"आणि तू काय उघड्या खांद्यानं जाशील? सतरा वर्षं लोकांना रीत शिकवतेस ना?"

"आई, वेळ नाहीये!"

"उघड्या खांद्यानं मी जायची नाही. तुलाही जाऊ देणार नाही. मग नाही बघितला तरी चालेल."

ती बाई एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेवाच्या बापाच्यानंही हलायची नाही. ल्हादेन पुटपुटत मागं फिरली. राचू खुंटीला नव्हता, पेटीत नव्हता, तो निघाला उशीखाली. विसरू नये म्हणून आईनंच ठेवलेला. परत पुलावर पोचेतो सहा सेहेचाळीस झाले. तरी बारा मिनिटं होती. चढ आठ मिनिटांचा. चार मिनिटं तर चार मिनिटं, ल्हादेननं मनाशी म्हटलं आणि वर पाहिलं.

कळस सोन्यासारखा पेटलेला होता.

ती जागच्या जागी थिजली. सहा बावन्न व्हायला अजून सहा मिनिटं होती. मग तिनं पूर्वेच्या कड्याकडं पाहिलं आणि तिला कळलं. तिथली सगळी सुरूची झाडं चैत्रात वणव्यात जळाली होती. तीस-तीस हात उंच झाडांची ती रांग गेली होती, कडा भादरल्यासारखा बोडका झाला होता. तिनं जळालेलं रान रोज पाहिलं होतं. वहीतल्या वेळा मात्र झाडं उभी असतानाच्या होत्या.

"काय झालं गं?" आईनं मागून विचारलं.

"काही नाही."

"मग थांबलीस का?"

ल्हादेन पळायला लागली. तिला रडू येत होतं आणि रडायला दम नव्हता. ऊन केव्हाच भिंतीवर उतरलं असणार. पट गुंडाळला असणार. आता नुसती पांढरी भिंत दिसेल, आणि आई काही बोलणार नाही, तेच सगळ्यात वाईट. चढाच्या अर्ध्यावर सूर्य अख्खा कड्याच्या वर आला. तिच्या डाव्या गालाला त्याची ऊब लागली. ओढ्याकाठची शेतं, चढावरची घरं, सगळं उजळून निघालं.

पण पट उतरवल्याची शिंगं अजून वाजली नव्हती.

दारातून ती आत शिरली तेव्हा अंगणात पाचशे माणूस उभं होतं आणि कुणाच्या तोंडातून शब्द नव्हता. कुत्रीसुद्धा गप्प होती.

पट भिंतीवर होता.

ऊन देवळाच्या छपरावर होतं. छपराखालच्या नक्षीवर होतं. तिथून खाली उतरून ते पटाच्या वर वीतभर येऊन थांबलं होतं. दोर धरलेली माणसं वर बघत होती. म्हाताऱ्या लामानं एक हात उचलून धरला होता. थांबा.

ल्हादेननं मागं वळून पाहिलं. सूर्य पुरता वर आला होता, डोळे दिपत होते. कडा बोडका होता. तिनं पुन्हा भिंतीकडं पाहिलं. उन्हाची आणि सावलीची जिथं सीमा होती, तिथं सावलीच्या काठाला टोकं होती. सुरूच्या शेंड्यांची, एकापुढं एक, कड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जी झाडं नव्हती, त्यांची सावली भिंतीवर पडली होती.

आणि शेंडे हलत होते. वारा नव्हता.

माणसांनी न सांगता वाट दिली. ल्हादेननं आईला पटासमोर उतरवलं. आईनं राचू सारखा केला. मग खाली बसली आणि बघायला लागली. आधी तळचा काठ, जिथं तिचे टाके होते. त्यावर कपाळ टेकवलं. मग हळूच मान वर केली.

ल्हादेनला घड्याळ बघायचं सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

आईला खोकला आला, तेव्हा आप गेम्बोनं पुढं येऊन तिच्या अंगावर घोंगडी घातली आणि ल्हादेनच्या कानाशी म्हणाला, "पुरे आता. छाती भरेल तिची." ल्हादेननं आईला उचललं. आईनं मान वळवली नाही, पटाकडंच बघत राहिली. लामानं हात खाली केला, शिंगं वाजली, पट गुंडाळत खाली आला. शेवटची घडी आत गेली आणि ऊन धबकन भिंतीवर पडलं. दर वर्षी रांगत येतं तसं नाही, सगळं एकदम.

ओटो आपल्या मनगटाकडं बघत उभा होता. "तेवीस मिनिटं," तो म्हणाला. "तेवीस मिनिटं ते हललं नाही. हे भूगोलात बसत नाही."

"बसवू नका," आप गेम्बो म्हणाला. "चहा घ्या."

गाडीत बसल्यावर तो ल्हादेनला म्हणाला, "यावर बोलायचं नाही हं. डोळ्यांनी पाहिलं, डोळ्यांत ठेवायचं." तिलाही बोलायचं नव्हतं. आईसाठी सूर्य थांबला, एवढंच तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं.

पुढचे तीन दिवस पाहुण्यांना तांगचं खोरं दाखवायचं होतं. आईला शेजारच्या आउम पेल्दनवर सोपवून ल्हादेन गेली. यंदा चहाची चूलही पेल्दननंच सांभाळली होती. जाताना ल्हादेन तिला बजावून गेली, "रोज दुपारी तिला अंगणात उन्हात बसव. ऊन हेच तिला औषध, डॉक्टर म्हणालेत."

चौथ्या दिवशी दुपारी ती परतली, तेव्हा पेल्दन फाटकातच उभी.

"आलीस? बरं झालं बाई. मी रोज बसवते तिला उन्हात. शपथेवर सांगते."

"मग?"

"तूच बघ."

अंगणभर ऊन रखरखत होतं. चटईवर लाल मिरच्या वाळत होत्या, मांजर पाय ताणून पडलं होतं. मधोमध बुटक्या पाटावर आई बसली होती, आणि तिच्यावर सावली होती. तिच्यावर आणि तिच्या भोवती हातभर. वर झाड नव्हतं, वळचण नव्हती, आभाळात कापसाएवढासुद्धा ढग नव्हता.

ल्हादेननं पाट उचलून आईला चटईपलीकडं नेलं. मग फाटकाजवळ. मग जोत्याला टेकवून बसवलं. सावली तिच्याबरोबर आली. शेवटी तिनं तिला पुन्हा होती तिथं ठेवलं आणि हात आत घातला. पहाटेचा गारठा होता. जुनिपरच्या धुराचा वास होता.

"आई."

आईची मान वर होती, तोंड किंचित उघडं, गालावर लहान पोरीसारखी लाली. छाती मात्र शांत चालली होती. तीन दिवसांत एकदासुद्धा खोकली नाही, असं पेल्दन मागून सांगत होती.

"आई, काय बघतेस गं?"

"श्श." आईनं नजर हलवली नाही. समोर पेल्दनच्या गोठ्याची भिंत होती. "त्या दोरवाल्यांना सांग, घाई करू नका म्हणावं. कमळ बघून झालं, पाय झाले, मांडीवरचे हात झाले. काय टाके घातलेत गं एकेकानं! आता छातीपर्यंत आलेय मी. चेहरा तेवढा राहिलाय. तो झाला की गुंडाळू दे."

"चेहरा राहू दे," ल्हादेन म्हणाली. "आई, चेहरा नको इतक्यात बघू. परत खालपासून बघ. काठापासून."

"असं कसं? एवढा सूर्य खोळंबलाय माझ्यासाठी."

ल्हादेननं खाली पाहिलं. आईच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर ऊन आलं होतं. तिनं गुडघ्यावर बसून तो पाय दोन्ही हातांत धरला आणि हळूच आत, सावलीत ओढून घेतला.